एकोणीस संगणक, दोन प्रकारचे रीस्टार्ट: एका पतपेढीतल्या विनादेखरेख इन्स्टॉलेशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईतली एक जुनी सहकारी पतपेढी. तीन शाखा: गिरगावला मुख्य कार्यालय, मग लालबाग आणि प्रभादेवी. संस्था ओळखू येऊ नये म्हणून ठिकाणं मी बदलली आहेत. बदलताना एक काळजी मात्र घेतली: प्रत्येक ठिकाणाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मूळ जागेइतकीच अक्षरं आहेत. हे आत्ताच का सांगतोय ते पुढे कळेल.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. पतपेढीत लोकांच्या ठेवी असतात, काउंटरवरच्या संगणकातून रोज पैशांच्या नोंदी होतात. सुरक्षेचे अपडेट न मिळणारी यंत्रं तिथे ठेवायची नाहीत, हे संचालक मंडळाने जूनमध्येच ठरवलं होतं. यंत्रं तशी नवी होती. सगळ्यांत टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) होता, प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत होते, एसएसडी होत्या. म्हणजे खरेदी नको, फक्त सिस्टिम बदलायची. गिरगावला ८, लालबागला ६, प्रभादेवीला ५ अशी एकूण १९ यंत्रं.

आहे त्या विंडोजवरच अपग्रेड चढवायचं की डिस्क पुसून कोरं इन्स्टॉलेशन करायचं, हा पहिला प्रश्न. आम्ही कोरं निवडलं. गेल्या काही वर्षांत चार वेगवेगळ्या लोकांनी ही यंत्रं सांभाळली होती आणि एकासारखं दुसरं राहिलं नव्हतं. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

दिवस ठरवणं अवघड होतं. लालबागच्या शाखेत गणपतीच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा ६ सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीपर्यंत विषयच नव्हता. त्यापुढचा शनिवार बॅकअप आणि चाचणीत गेला. उरला २० आणि २१ सप्टेंबरचा शनिवार-रविवार. सोमवारी २२ ला घटस्थापना. व्यवस्थापक मॅडमनी बजावलं होतं, "दादा, नवरात्रात लोक मुहूर्ताने नवीन ठेवी ठेवायला येतात. सोमवारी दहाला काउंटर उघडलाच पाहिजे."

ठरवलेली पद्धत

एकोणीस यंत्रांसमोर बसून भाषा, कीबोर्ड, पार्टिशन, युजर हे सगळं हाताने भरत बसायला वेळ नव्हता. म्हणून विनादेखरेख इन्स्टॉलेशन. यात सेटअप जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं आधीच एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहून ठेवतात. तिला आन्सर फाइल म्हणतात. फाइलमधल्या सूचना सात टप्प्यांत विभागलेल्या असतात, पण साध्या इन्स्टॉलेशनला तीनच लागतात. पहिला विंडोज पीईचा: यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू होतं, एक छोटं विंडोज रॅममध्ये चढतं, डिस्क पुसली जाते, नवीन विंडोजच्या फाइली तिच्यावर उतरतात. मग रीस्टार्ट. दुसरा स्पेशलाइज: ड्रायव्हर बसतात, संगणकाला नाव मिळतं. तिसरा ओओबीई: युजर तयार होतो आणि डेस्कटॉप येतो.

प्रत्येक यंत्राला वेगळं नाव हवं होतं, म्हणून पेनड्राइव्हवर एक छोटी स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल) ठेवली. ती यंत्राचा सिरीयल नंबर वाचायची, आमच्या यादीतून त्याचं नाव शोधायची, त्या नावाची आन्सर फाइल बनवायची आणि सेटअपच्या हाती द्यायची. नावाची पद्धत सरळ होती: शाखेचं नाव, टेबलासाठी चार अक्षरं, दोन आकडी क्रमांक आणि मध्ये दोन डॅश. असे चार पेनड्राइव्ह तयार केले.

१३ सप्टेंबरला गिरगावच्या एका यंत्रावर चाचणी घेतली. मॅडमच्या केबिनमधलं यंत्र घेतलं, कारण शनिवारी दुपारी तेवढंच रिकामं होतं. सुरू करताना एफ-१२ दाबून बूट मेनूतून, म्हणजे यंत्र कुठून सुरू करायचं त्या यादीतून, पेनड्राइव्ह निवडला आणि बाजूला झालो. पंचवीस मिनिटांनी डेस्कटॉप समोर. कुठेही अडखळलं नाही. सगळ्या यंत्रांचं संपूर्ण डिस्क इमेज बॅकअप (डिस्कची हुबेहूब प्रत) बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतलेलं होतंच. आम्ही निर्धास्त झालो.

शनिवारची रात्र

गिरगावला उरलेली सात यंत्रं. संध्याकाळी सातला चार पेनड्राइव्ह चार यंत्रांना लावले. माझ्या धाकट्या सहकाऱ्याच्या लक्षात आलं की इथे एफ-१२ दाबायचीसुद्धा गरज नाही, पेनड्राइव्ह लावून यंत्र चालू केलं की ते आपोआप त्यावरूनच सुरू होतं. आम्हाला बरं वाटलं, तेवढे श्रम वाचले. चौघांनाही कामाला लावून आम्ही लालबागच्या प्रिंटरांची यादी तपासत बसलो.

साडेआठला बघतो तर चारही पडद्यांवर फाइली कॉपी होत होत्या. एवढ्यात ही पायरी केव्हाच मागे पडायला हवी होती. समोर थांबून पाहिलं: कॉपी संपली, पडदा काळा झाला, मदरबोर्डाचा लोगो आला आणि पुन्हा पहिल्यापासून डिस्क पुसणं सुरू. हे किती वेळा झालं होतं कुणास ठाऊक. विनादेखरेख याचा अर्थच हा, की कुणी बघत नसतं.

वाया गेलेले अडीच तास

इथे आमची पहिली मोठी चूक झाली. चार यंत्रं एकाच वेळी सारखीच वागतायत, चारही एकाच यूपीएसवर आहेत, म्हणजे यूपीएस. असा निष्कर्ष पंधरा सेकंदांत निघाला. चौघांना थेट भिंतीच्या सॉकेटवर घेतलं. फरक नाही. मग एका यंत्राची रॅम काढून पुसून बसवली, दुसऱ्याची बदलली. तिसऱ्याला लॅमिंग्टन रोडवरून आणून ठेवलेला जादा एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा) जोडला. प्रत्येक बदलानंतर पूर्ण फेरी थांबून बघायची, चहा घ्यायचा आणि पुढचा सुटा भाग बदलायचा.

सहकाऱ्याने आणखी एक शक्यता काढली. विंडोज पीई सलग ७२ तास चालू राहिलं तर स्वतःहून रीस्टार्ट होतं, असं त्याने वाचलं होतं. ते खरंच आहे, विंडोज पीईची ती आखून दिलेली मर्यादा आहे. पण आमची यंत्रं चालू होऊन ७२ तास नव्हे, दोन तास झाले होते.

या अडीच तासांत आम्ही एकदाही विचारलं नाही की यंत्र नेमकं कुठल्या जागेवरून मागे फिरतंय. हातात स्क्रू ड्रायव्हर असला की माणूस झाकणच उघडतो. इंजिनिअरचा हा दोष मी माझ्यासकट अनेकांत पाहिला आहे.

पहिला निर्णयबिंदू: थांबायचं की पुढे जायचं

रात्री सव्वाअकराला मॅडमना फोन केला. चार यंत्रं पुसलेली, तीन जशीच्या तशी. पर्याय दोनच होते. जुन्या इमेज परत चढवायच्या, यंत्रामागे साधारण चाळीस मिनिटं, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा यायचं. १४ ऑक्टोबरच्या आत अजून तीन शनिवार होते. किंवा शोध चालू ठेवायचा.

मी मॅडमना साडेबाराची मुदत दिली. तोवर कारण सापडलं नाही तर चारही यंत्रं जुन्या विंडोजवर परत. इमेज हाताशी होत्या म्हणूनच हा शब्द मला देता आला. मुदत ठरल्याचा दुसराही उपयोग झाला: आता सुटे भाग बदलून बघायला वेळ नव्हता, विचारच करावा लागणार होता.

घड्याळ

एका यंत्रासमोर मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं आणि दुसऱ्या मोबाइलने पडद्याचं चित्रण सुरू केलं. एका रीस्टार्टपासून दुसऱ्यापर्यंत बारा मिनिटं. पुढची फेरी, पुन्हा बारा मिनिटं. शेजारच्या यंत्राचीही बारा, काही सेकंदांच्या फरकाने.

रॅम खराब असेल तर ती घड्याळ लावून बिघडत नाही. विजेचा झटका दर बाराव्या मिनिटाला येत नाही. इतका नियमित रीस्टार्ट ठरवून केलेलाच असणार. चित्रणही तेच सांगत होतं: पडदा काळा होण्याआधी काही सेकंद सेटअप रीतसर सांगत होता की आता रीस्टार्ट होणार आहे. म्हणजे यंत्र कोसळत नव्हतं. पहिला टप्पा पूर्ण करून ते दुसऱ्या टप्प्यासाठी सुरू होत होतं. मग ते दुसऱ्या टप्प्यात जात का नव्हतं?

हे लॉगमध्ये, म्हणजे सेटअप स्वतःच्या कामाची जी नोंद ठेवतो तिच्यात, दिसलं असतं, पण लॉग उरतच नव्हते. विंडोज पीई रॅममध्ये चालतं. तिथे एक्स नावाचा ड्राइव्ह दिसतो तोही रॅममधलाच, त्यामुळे त्यावरचे सुरुवातीचे लॉग रीस्टार्टसरशी नाहीसे होतात. डिस्क तयार झाल्यावर लॉग डिस्कवर जातात खरे, पण आमच्या आन्सर फाइलमध्ये डिस्क पुसण्याची आज्ञा होती. प्रत्येक नवी फेरी मागच्या फेरीचा पुरावा स्वतःच्या हाताने पुसत होती.

तेव्हा एका पेनड्राइव्हवरच्या स्क्रिप्टमध्ये सेटअप सुरू होण्याआधी एक थांबा टाकला: कुणीतरी कळ दाबेपर्यंत पुढे जायचं नाही. यंत्राला एक फेरी करू दिली. बारा मिनिटांनी ते परत आलं आणि थांब्यावर उभं राहिलं. डिस्क उघडून पाहिली. विंडोजचा फोल्डर जागेवर, प्रोग्रॅम फाइल्स जागेवर, सेटअपच्या लॉगमध्ये एकही गंभीर चूक नाही. पहिला टप्पा दर वेळी व्यवस्थित पार पडत होता आणि यंत्र डिस्कवरून सुरू होण्याऐवजी पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू होत होतं.

बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या, बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्ज, उघडलं. बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे यंत्र कुठून सुरू करायचं त्या क्रमात, यूएसबी कायमचं पहिलं.

संध्याकाळी सातला आम्हाला ज्या सोयीचं कौतुक वाटलं होतं तीच ही गोष्ट. कधीतरी कुणीतरी आपलं काम सोपं व्हावं म्हणून ती यंत्रं तशी लावून ठेवली होती. सेटअप पहिल्या टप्प्यात डिस्कवरचं विंडोज सुरू करणाऱ्या विंडोज बूट मॅनेजरची नोंद यादीत वर आणून ठेवतो, आणि बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं. या बोर्डांत मात्र यूएसबीला गट म्हणून दिलेली पसंती त्या नोंदीहून वरचढ ठरत होती. हाताने इन्स्टॉलेशन करताना हे लगेच कळतं. भाषा निवडायचा पडदा पुन्हा आला की माणूस पेनड्राइव्ह उपटतो. इथे प्रश्न विचारणारा पडदाच नव्हता, सगळी उत्तरं तयार होती, तेव्हा सेटअप निमूटपणे पुन्हा डिस्क पुसत होता. नेटवर्कवरून बूट करणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो, फक्त पेनड्राइव्हच्या जागी नेटवर्क कार्ड पहिलं असतं.

आणि चाचणी पास का झाली? केबिनमधलं यंत्र वर्षभरापूर्वी बदललेलं होतं, त्याला कुणाचा हात लागला नव्हता. शिवाय आम्ही ते एफ-१२ च्या मेनूतून सुरू केलं होतं, आणि ती निवड एका वेळेपुरतीच असते. पुढच्या रीस्टार्टला यंत्र आपोआप डिस्ककडे वळलं.

रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

पर्याय आणि निवड

सर्वांत सोपा उपाय म्हणजे पहिल्या रीस्टार्टला हाताने पेनड्राइव्ह काढणं. ते चालतं. आन्सर फाइलची प्रत तोवर डिस्कवर पँथर नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसलेली असते आणि आमच्या बाबतीत पुढच्या टप्प्यांना पेनड्राइव्हमधलं काही लागत नव्हतं. पण यंत्रामागे नेमक्या बाराव्या मिनिटाला माणूस हजर हवा.

दुसरा, प्रत्येक यंत्राच्या बायोसमध्ये क्रम बदलणं. तो करायचाच होता, कारण यूएसबी पहिलं ठेवलेलं काउंटरवरचं यंत्र एरवीही धोक्याचं. परंतु लालबागच्या दोन यंत्रांना बायोसचा पासवर्ड आहे आणि तो कुणाकडेच नाही, हे आम्हाला आधीच्या पाहणीतून ठाऊक होतं.

तिसरा, स्क्रिप्टलाच शहाणी करणं. सेटअप सुरू करण्याआधी तिने यंत्राचा सिरीयल नंबर पेनड्राइव्हवरच्या एका फाइलमध्ये लिहायचा. तोच नंबर पुन्हा समोर आला तर डिस्कला हात लावायचा नाही, पडद्यावर मोठ्या अक्षरांत "पेनड्राइव्ह काढा" दाखवायचं आणि थांबायचं.

आम्ही दुसरा आणि तिसरा एकत्र केले. तिसऱ्याच्या बाजूने माझं खरं कारण वेगळं होतं. असा पेनड्राइव्ह चुकून एखाद्या यंत्राला लागलेला राहिला आणि ते यंत्र दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू झालं, तर न विचारता काउंटरची डिस्क पुसली जाईल. शनिवारी रात्री ते नुसतं इन्स्टॉलेशन होतं. सोमवारी दुपारी ते कुणाच्या तरी खात्याचं काम असतं.

दीडपर्यंत स्क्रिप्ट तयार झाली. शेवटची लोकल गेलीच होती. पहाटे पावणेपाचला गिरगावची सातही यंत्रं डेस्कटॉपवर होती. बाकड्यांवर दोन तास झोपलो.

रविवार

लालबाग साडेबाराला संपलं. पासवर्डवाली दोन्ही यंत्रं स्क्रिप्टच्या थांब्यावर उभी राहिली, पेनड्राइव्ह काढला, पुढे गेली. रविवारच्या मेगाब्लॉकचा भरवसा नको म्हणून टॅक्सीने प्रभादेवीला पोचलो.

प्रभादेवीची शाखा एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर आहे. भिंतींना ओल, वायरिंग जुनं. आधी चार यंत्रं आणि मग पाचवं लावलं, दर वेळी बारा मिनिटांनी पेनड्राइव्ह काढले आणि आम्ही समोरच्या गाडीवर वडापाव खायला गेलो. सहकारी आधी परतला. मी आलो तेव्हा पाचही यंत्रं रीस्टार्ट होत होती.

"दादा, पुन्हा तेच," तो म्हणाला.

तेच नव्हतं, आणि हे ओळखायला या वेळी पाच मिनिटं पुरली. पेनड्राइव्ह माझ्या खिशात होते, म्हणजे यंत्र त्यांच्याकडे परत जाऊच शकत नव्हतं. फेरीही बारा मिनिटांची नव्हती, दोन मिनिटांच्या आतली होती. दर वेळी पडद्यावर एक संदेश येत होता: संगणक अनपेक्षितपणे रीस्टार्ट झाला किंवा अनपेक्षित चूक झाली, इन्स्टॉलेशन पुढे जाऊ शकत नाही. ओके दाबलं की रीस्टार्ट, आणि तोच संदेश परत.

मी सहकाऱ्याला विचारलं, "अगदी पहिल्यांदा काय आलं होतं?" त्याने सांगितलं, काहीतरी लांबलचक होतं, ओके दाबून टाकलं. त्याचा राग नाही आला. उपाशी आणि दोन तास झोपलेल्या माणसाकडून असं होतं. पण तो पहिला संदेशच कामाचा होता. नंतरचा फक्त एवढंच सांगतो की आधी काहीतरी फसलं आहे.

लॉग

सेटअपच्या कुठल्याही पडद्यावर शिफ्ट आणि एफ-१० एकत्र दाबलं की कमांडची खिडकी उघडते. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी आजच लक्षात ठेवावं, इन्स्टॉलेशनमध्ये याहून उपयोगाची कळ नाही. तिथून नोटपॅड उघडलं आणि सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधला पँथर गाठला. त्यात सेटअपच्या चुकांचा वेगळा लॉग असतो. स्पेशलाइज टप्प्यात आन्सर फाइल लागू करता आली नाही आणि चूक शेल-सेटअप या घटकात आहे, असं तिथे लिहिलेलं होतं.

शेल-सेटअप हा मोठा घटक आहे. संगणकाचं नाव त्यात, प्रॉडक्ट की त्यात, टाइमझोनही त्यातच. प्रॉडक्ट की चुकली तरी हेच होतं, म्हणून पहिला संशय तिच्यावर गेला. पण तीच ओळ रात्रीपासून गिरगाव आणि लालबागच्या तेरा यंत्रांवर चालली होती. मग लॅपटॉपवर लालबागची एक आन्सर फाइल आणि प्रभादेवीची एक, अशा शेजारी ठेवून तुलना केली. दोन्हींत एकाच ओळीचा फरक होता. नाव.

विंडोजच्या संगणकाचं नाव १५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. ही मर्यादा नेटबायोस या जुन्या नेटवर्क पद्धतीपासून चालत आलेली आहे: नावाला १६ बाइटची जागा, त्यातला शेवटचा बाइट सेवेचा प्रकार सांगण्यासाठी राखीव. गिरगावचं इंग्रजी स्पेलिंग सात अक्षरांचं. त्यात डॅश, टेबलाची चार अक्षरं, डॅश आणि दोन आकडे मिळवले की बरोबर १५. लालबागही सात अक्षरी, तेही १५. प्रभादेवीत दहा अक्षरं. एकूण १८.

चौदा यंत्रांवर आम्ही मर्यादेच्या अगदी काठावरून गेलो होतो आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

दुसरा निर्णयबिंदू: झटपट उपाय घ्यायचा का

या संदेशावर एक लोकप्रिय उपाय आहे. त्याच कमांडच्या खिडकीतून रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात ती जागा) उघडायची, सेटअपच्या स्थितीत चाइल्ड-कम्प्लीशन नावाची जागा असते, तिथे सेटअप डॉट ईएक्सई समोरचा १ बदलून ३ करायचा. हा भाग पूर्ण झाला असं सेटअपला वाटतं आणि यंत्र पुढे जातं. अर्ध्या मिनिटाचं काम. सहकाऱ्याचं मत त्याच बाजूने होतं, आणि दुपारचे साडेचार झालेले असताना ते मत चुकीचं आहे असं म्हणणं सोपं नव्हतं.

मी नकार दिला. स्पेशलाइज अर्धवट राहिला म्हणजे त्यातलं काय लागू झालं आणि काय राहिलं हे आपल्याला कळत नाही. घरचा संगणक असता, त्यातले फोटो वाचवायचे असते, तर मीही तो आकडा बदलला असता. काउंटरवरच्या यंत्राला पुढची चार-पाच वर्षं हीच सिस्टिम वापरायची होती. कोरं इन्स्टॉलेशन करण्यामागचा सगळा हेतूच असा होता, की आत काय आहे ते आपल्याला माहीत असावं.

म्हणून यादीत प्रभादेवीसाठी चार अक्षरी संक्षेप टाकला, नाव १२ अक्षरांवर आणलं आणि पाचही यंत्रं पहिल्यापासून करायची ठरवली. नुसती पेनड्राइव्हवरची यादी सुधारून उपयोग नव्हता, कारण यंत्राच्या डिस्कवर जुन्या नावाची आन्सर फाइल जाऊन बसली होती आणि सेटअप तीच वाचत राहिला असता.

पेनड्राइव्ह लावले. पडद्यावर आलं: "पेनड्राइव्ह काढा." रात्री दीडला लिहिलेलं कुंपण आपलं काम चोख करत होतं. हे सिरीयल नंबर झालेल्यांच्या यादीत होते. फाइल उघडून पाच ओळी काढल्या आणि पुन्हा सुरू केलं. संध्याकाळी सव्वासहाला पाचही डेस्कटॉप आले.

निकाल

गिरगाव आणि लालबाग सोमवारी दहाला उघडले आणि दिवसभर नीट चालले. प्रभादेवीला मात्र त्रास झाला. पतपेढीचं खात्यांचं सॉफ्टवेअर प्रत्येक टर्मिनलला संगणकाच्या नावाने ओळखतं. सॉफ्टवेअरवाल्यांना आम्ही आठवडाभर आधीच १८ अक्षरी नावं दिली होती. रविवारी त्यांचं कार्यालय बंद. सोमवारी साडेदहानंतर त्यांनी नवीन नावं चढवली आणि प्रभादेवीचा काउंटर अकराला सुरू झाला. घटस्थापनेच्या दिवशी एक तास लोक उभे राहिले, त्यांत बरेच ज्येष्ठ नागरिक होते. शाखेतल्या शिपायांनी खुर्च्या बाहेर काढून दिल्या. ती रांग बघताना मला वाईट वाटलं, कारण तो तास आमच्यामुळे गेला होता.

कुणाचाही डेटा गेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक शनिवार रात्रीची नव्हती, १३ तारखेची होती. चाचणीसाठी आम्ही हाताशी असलेलं, सर्वांत नवं, सर्वांत सरळ यंत्र घेतलं. ज्या दोन गोष्टींनी पुढे अडवलं त्या दोन्ही त्या एका यंत्रात नव्हत्या. तेव्हा प्रभादेवीच्या काउंटरवरचं जुनं यंत्र घेतलं असतं, आणि प्रत्यक्षात करणार होतो तसंच, म्हणजे नुसता पेनड्राइव्ह लावून चालू केलं असतं, तर दोन्ही चुका आठवडाभर आधी उघड्या पडल्या असत्या. त्यासाठी शनिवारी दुपारी एक टॅक्सी करावी लागली असती, एवढंच. आता मी चाचणीला यंत्र निवडताना विचारतो, इथलं सर्वांत त्रासदायक यंत्र कोणतं.

नावं बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लांबी मोजणारी एक ओळ हवी होती. १५ च्या पुढे गेलं की थांबायचं आणि ओरडायचं. आता ती आहे. तिन्ही शाखांसाठी पहिल्यापासून लहान संक्षेप घेतले असते तर आजची दोन पद्धतींची सरमिसळही झाली नसती. झालेल्या चौदा यंत्रांची नावं बदलायची का, यावर आम्ही चर्चा केली आणि ती तशीच ठेवली. सॉफ्टवेअरमध्ये नोंद असलेलं, चालू असलेलं नाव फक्त दिसायला एकसारखं व्हावं म्हणून बदलणं मला पटलं नाही. सहकाऱ्याचं मत अजूनही उलट आहे.

लॉग वाचवण्याची व्यवस्थाही आधी हवी होती. पहिला रीस्टार्ट रोखून धरण्याचा पर्याय सेटअपच्या आज्ञेतच असतो. तो दिला की सेटअप संपल्यावर हाती पुन्हा स्क्रिप्ट येते, ती लॉगची प्रत पेनड्राइव्हवर काढून मग स्वतः रीस्टार्ट करू शकते. असं असतं तर शनिवारी रात्री नऊलाच पहिल्या टप्प्याचे स्वच्छ लॉग समोर आले असते आणि रॅमला कुणी हात लावला नसता.

कुंपणातही एक उणीव आहे. सिरीयल नंबर सेटअपच्या आधी लिहिला जातो, त्यामुळे मधेच फसलेलं यंत्रही झालेल्यांच्या यादीत जातं. सेटअपनंतर लिहावा, तर ज्या फेरीपासून बचाव करायचा तीच निसटू शकते. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि आधीच लिहायचं कायम ठेवलं. फसलेलं यंत्र पुन्हा करताना पाच ओळी हाताने काढाव्या लागल्या तरी चालेल. पुसली गेलेली डिस्क हाताने भरून येत नाही.

अजून उरलेलं

लालबागच्या त्या दोन यंत्रांचा बायोस पासवर्ड सापडलेला नाही आणि त्यांत यूएसबी अजून पहिलंच आहे. मॅडमना लेखी कळवलं आहे. दोन्ही बोर्ड सेवाकेंद्रात नेऊन मोकळे करून घ्यायचे आहेत, तोवर त्यांचे पुढचे यूएसबी पोर्ट बंद केले आहेत. चारही पेनड्राइव्ह गिरगावच्या तिजोरीत, सोनेतारणाच्या पाकिटांशेजारी एका लखोट्यात आहेत. लखोट्यावर सहकाऱ्याने लाल शाईने लिहिलं आहे: हा लावल्यास डिस्क पुसली जाते, विचारल्याशिवाय हात लावू नये.